आडवी अक्षरं

मुर्तुझाने लॅमिंग्टन रोडवर मॉनिटर पुसून दिला,
म्हणाला, भायखळ्याच्या एक्सरे सेंटरमधला आहे अंकल,
हाडातली केसाएवढी चीर दिसायची यात.
उभा, करडा, जड.
टॅक्सीवाल्याने आरसा तिरका करून दोनदा विचारलं,
टीव्ही आहे का?

पोर्ट ट्रस्टच्या संगणक विभागात मी एकतीस वर्षं काढली,
ऐंशी अक्षरं रुंद, पंचवीस ओळी उंच
एवढ्याशा हिरव्या जगात.
जहाजाचं नाव लांब असलं की शेपूट तुटायचं
आणि अर्धवट नावाचीच जहाजं धक्क्याला लागायची.
कुणी तक्रार केली नाही.

या पडद्यावर तीस लाख ठिपके.
तरी यंत्र जागं होताना
मधोमध पोस्टकार्डाएवढी खिडकी,
आणि तिच्यात तीच ऐंशी अक्षरं, दाटीवाटीने.
डोक्यात बसलं ते.

शनिवारी जेवणं उरकल्यावर बूटलोडरला वाटेतच अडवलं.
कोणकोणते मोड आहेत, विचारलं.
त्याने शून्य ते नऊ उतरंड मांडली.
चार: बरा. पाच: कडा गायब.
सहा: काळोख.
सहामधून परत येता येत नाही,
बटण दाबून धरायचं, दहा आकडे मोजायचे,
आतला पंखा थांबलेला ऐकायचा
आणि पुन्हा पहिल्यापासून.

सातला पडदा आधी विझलाच.
मी चष्मा कपाळावर नेला, म्हटलं, गेलं.
तेवढ्यात कडेपासून कडेपर्यंत
खसखस सांडावी तशी अक्षरं,
पण आडवी!
पडदा उभा आहे हे कर्नलला कोण सांगणार?
ओळी जमिनीकडून छताकडे चढत होत्या
ताडी काढायला निघाल्यासारख्या.
स्टँडचा स्क्रू गंजलेला, फिरेना.
मान डाव्या खांद्यावर टाकून वाचायला लागलो.

विभावरी लोखंडी कॉटवर, डाव्या कुशीवर.
मोतीबिंदू काढल्यापासून तिला
समोरच्यांच्या कॅलेंडरवरची तिथी दिसते.
"मला सगळं सरळ दिसतंय," ती म्हणाली,
आणि वाचू लागली,
वाण्याची यादी पडताळावी तशी:
प्रोसेसर एक, मेमरी इतकी, कीबोर्ड आहे, उंदीर आहे.
मग थांबली.
"इथे लिहिलंय, घड्याळाने चार हजार एकशे तेवीस दिवस हरवलेत.
तारीख तपासा म्हणतंय."

ही ओळ रोज येत असणार.
पंचवीस ओळींच्या खिडकीतून रोज वर निसटत असणार
माझ्या डोळ्यांदेखत.

"बोर्डावरचा सेल मेलाय," मी म्हणालो. "बटणाएवढा असतो.
वीज गेली की घड्याळ आपलं पहिल्या दिवसावर जाऊन बसतं.
एक जानेवारी, दोन हजार तेरा."

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.
"म्हणजे याच्या लेखी आपण अजून वडाळ्यालाच."

वडाळ्याला. क्वार्टर नंबर चौदा,
तिसरी पायरी फुटलेली,
आणि शेजारच्या लोबोंचा पोपट
आमच्या बेलचा आवाज काढायचा.
किती वेळा दार उघडलं आम्ही त्या पोपटाला.

"उद्या आणतो सेल. चाळीस रुपयांचं काम."
"आण की," ती म्हणाली. "उद्या."

मान आखडली होती.
कॉटवर वीतभर जागा होती, तिथे आडवा झालो,
डाव्या कुशीवर, तिच्या पाठीमागे,
तिच्या केसांवरून पडदा दिसेल असा.
ओळी सरळ झाल्या.

सर्वांत शेवटी, नाव काय, एवढंच विचारून
एक चौकोन लुकलुकत होता.
चारकोपला रात्रीचा दीड.
दोघांतलं कुणी उठलं नाही.
आता कितीही लांब नाव मावलं असतं.